मधुमेही कुत्र्याचे ऑपरेशन : सकाळचे इन्सुलिन द्यायचे का?

बीड जिल्ह्यातील नेकनूरहून मधुमेही कुत्र्याला ऑपरेशनसाठी परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यायचे, तर प्रवास काही तासांचा. पोट रिकामे आणि इन्सुलिन मात्र पूर्ण दिलेले, असे असेल तर वाटेतच रक्तातील साखर घसरू शकते.

इन्सुलिन अजिबात न देणेही धोक्याचेच. मधुमेही कुत्र्यांच्या शरीरात बहुधा पुरेसे इन्सुलिन तयारच होत नाही. ते बाहेरूनही मिळाले नाही, तर साखर वाढते आणि रक्तात कीटोन साठतात. म्हणून ऑपरेशनच्या सकाळी पशुवैद्यक अनेकदा निम्मा डोस देतात. पण तो साखर तपासून ठरवायचा असतो, घरच्या अंदाजाने नव्हे.

जागेपणी साखर उतरली की कुत्रा थरथरतो, त्याचा तोल जातो. भूल दिल्यावर ही लक्षणे दिसत नाहीत आणि मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून दर अर्ध्या ते एक तासाने साखर तपासतात. ती साधारण १५० ते २५० मिलिग्रॅम असली तरी चालते. फार उतरू लागली तर सलाइनमधून डेक्स्ट्रोज देतात.

किती तास उपाशी ठेवायचे, इन्सुलिन किती व कधी द्यायचे, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे. ऑपरेशनसाठी सकाळची पहिली वेळ मागावी आणि शक्य असल्यास आदल्या दिवशीच मुक्कामी पोहोचावे. इन्सुलिन आणि नेहमीचे खाणे सोबत न्यावे. कुत्रा नीट शुद्धीवर आला की डॉक्टरांना विचारून थोडे खायला द्यावे.