विधान परिषद
विधान परिषद : द्विसदनी राज्य विधिमंडळाचे वरिष्ठ सभागृह. महाराष्ट्र विधानसभेत २८८, तर विधान परिषदेत ७८ सदस्य असतात. सर्वसाधारण विधेयकास दोन्ही सभागृहांची संमती लागते. तथापि विधानसभेने संमत केलेले विधेयक परिषदेने फेटाळल्यास किंवा ३ महिने प्रलंबित ठेवल्यास विधानसभा ते पुन्हा संमत करू शकते. त्यानंतर परिषदेस केवळ १ महिन्याचा अवधी मिळतो. संसदेप्रमाणे संयुक्त बैठकीची तरतूद येथे नाही. धनविधेयकावर परिषदेस १४ दिवसांत फक्त शिफारशी करता येतात. विधानसभेने विशेष बहुमताने ठराव केल्यास संसद परिषदच रद्द करू शकते. पश्चिम बंगाल (१९६९) व तमिळनाडू (१९८६) येथे तसे घडले. कायदा रोखण्याचा नव्हे, तर त्याचा फेरविचार करावयास लावण्याचाच अधिकार परिषदेस आहे.