पायथनची पहिली ओळख : चूक झाली तर घाबरायचं नाही



कोडिंग म्हटलं की आपल्यापैकी अनेकांना वाटतं, हे काही आपल्याला जमायचं नाही. काळी खिडकी, माऊसचं काम नाही, सगळं टाइप करायचं! मलाही तसंच वाटायचं. पण सुरुवात करायला चौथीचा भागाकार पुरतो.

पायथन ही मोफत मिळणारी भाषा गिडो व्हॅन रॉसम यांनी तयार केली. ती १९९१ मध्ये लोकांसमोर आली. नाव मात्र अजगरावरून नाही, 'मॉन्टी पायथन' या ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरून!

सुरुवात कशी करावी?

१. पायथनच्या अधिकृत संकेतस्थळावरून ती डाउनलोड करा. विंडोजवर इन्स्टॉल करताना 'पाथ'ची चौकट दिसली, तर तिथे टिक करा.

२. स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून काळी खिडकी उघडा. तिथे पायथन हे नाव इंग्रजी लहान अक्षरांत लिहून एंटर दाबा.

३. >>> अशी खूण दिसली, की पायथन तुमची वाट बघतोय असं समजा.

आता पुढची तीन उदाहरणं एकेक करून द्या. (आकडे इंग्रजीतच टाइप करायचे.)

१७ / ५ उत्तर : ३.४
१७ // ५ उत्तर : ३
१७ % ५ उत्तर : २

लगेच सांगू नका. मुलांनाच विचारा, आकडे तेच, मग उत्तरं तीन कशी? थोड्या वेळाने कुणीतरी ओरडतंच, "दुसरा भागाकार आणि तिसरी बाकी!"

आता मुद्दाम चुकूया

१० / ० टाइप करा. तीन-चार ओळी धडाधड येतात. माझ्या वर्गात एका मुलीने हे पाहून लॅपटॉपच बंद केला. "बाई, माझ्याकडून बिघडला," म्हणाली आणि रडवेली झाली. तिला पुन्हा बसवलं आणि फक्त शेवटची ओळ वाचायला लावली. तिचा अर्थ एवढाच : शून्याने भाग जात नाही. हे तर तिला आधीच ठाऊक होतं!

तेव्हा मुलांना पहिल्याच दिवशी ही सवय लावा : एरर आली की आधी शेवटची ओळ वाचायची. काय चुकलं ते बहुधा तिथेच असतं. स्पेलिंग चुकलं, तर पायथनच्या नव्या आवृत्त्या कित्येकदा बरोबर शब्दही सुचवतात. काही बिघडत नाही, ओळ पुन्हा लिहायची.

त्या दिवशी मला माझंच वागणं आठवलं. आपण वहीत लाल फुली मारतो, पण फुलीशेजारी कारण किती वेळा लिहितो?

घरचा अभ्यास : बुद्धिबळाच्या पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, पुढच्या प्रत्येक घरात दुप्पट. ६४ घरांत मिळून किती? २ ** ६४ - १ टाइप करा आणि उत्तरातले अंक मोजा. वीस भरतील! बाहेर पडताना कंट्रोल आणि झेड एकत्र दाबून एंटर करा.

पालकहो, मुलांशेजारी बसून तुम्हीही चुका बरं का!