तळ्यात सोडलेली चांदी

मोजे, कपडे, वॉशिंग मशीन यांतले धातूंचे नॅनोकण शेवटी पाण्यात उतरतात. तिथे माशांचे काय होते, हे पाहण्यासाठी कॅनडात एका अख्ख्या तळ्यावर प्रयोग झाला. त्यातून जे दिसले, ते आपल्याही नद्यांच्या कामाचे आहे.

कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात, केनोरा शहराजवळच्या जंगलात, क्रमांकाने ओळखली जाणारी तळी आहेत. त्यांतल्या २२२ क्रमांकाच्या तळ्यात २०१४ आणि २०१५ अशी दोन वर्षे शास्त्रज्ञांनी जाणूनबुजून चांदी सोडली. दोन्ही वर्षांचे बर्फ नसलेले मोसम मिळून ती एकंदर १५ किलो भरली. पाण्यात मिसळलेले चांदीचे नॅनोकण काठावरच्या एकाच ठिकाणाहून, सांडपाण्याचा पाइप तळ्याला मिळावा तसे, थोडे थोडे सोडले जात होते. या तळ्यात यलो पर्च नावाचा लहान पट्टेदार मासा राहतो आणि त्याला खाणारा नॉर्दर्न पाइकही. या दोघांचे काय होते, यावर शास्त्रज्ञांची नजर होती.

असा प्रयोग करावा का लागला, हे समजण्यासाठी घरातल्या कपड्यांपासून सुरुवात करावी लागेल.

मोज्यांतून नदीत

चांदी जंतू मारते, हे फार पूर्वीपासून माहीत आहे. नॅनोतंत्रज्ञानामुळे ती स्वस्तात आणि कुठेही वापरता येऊ लागली. घामाचा वास येऊ नये म्हणून मोज्यांत आणि खेळाच्या कपड्यांत, जखमेवरच्या पट्ट्यांत, खाण्याच्या डब्यांत, वॉशिंग मशीनमध्ये, पाण्याच्या फिल्टरमध्ये तिचे कण आले. अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठातील ट्रॉय बेन आणि पॉल वेस्टरहॉफ यांनी २००८ मध्ये बाजारातले असे मोजे आणून नुसत्या पाण्यात खळबळवले. एका मोज्यातून अर्धा लिटर पाण्यात तब्बल ६५० मायक्रोग्रॅमपर्यंत चांदी उतरली. जंतू मारण्यासाठी विकत घेतलेली चांदी धुण्याच्या पाण्याबरोबर गटारात जाते, हे त्यातून स्पष्ट झाले.

चांदी एकटी नाही. सनस्क्रीनमध्ये झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइडचे नॅनोकण असतात. तांब्याचे नॅनोकण बुरशी आणि जंतू रोखण्यासाठी वापरतात. यातले बरेचसे आज ना उद्या गोड्या पाण्यात पोचते.

नॅनोकण म्हणजे साधारण १ ते १०० नॅनोमीटर आकाराचा कण. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. आकाराने काय फरक पडतो, हे साध्या हिशेबाने कळते. एक सेंटिमीटर बाजूचा चांदीचा ठोकळा घ्या. वजन सुमारे साडेदहा ग्रॅम, पृष्ठभाग फक्त सहा चौरस सेंटिमीटर. तोच ठोकळा दहा नॅनोमीटर बाजूच्या ठोकळ्यांत चिरला, तर वजन तेवढेच राहते, पण पृष्ठभाग ६०० चौरस मीटर होतो. धातूची पाण्याशी आणि जिवंत पेशीशी होणारी सगळी देवघेव पृष्ठभागावरच चालते. त्या पृष्ठभागावरून चांदीचे आयन सुटत राहतात, आणि माशाला सर्वांत जास्त घातक ठरतात ते हेच आयन.

घाव कल्ल्यांवर

गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात सोडियमचे प्रमाण भोवतालच्या पाण्यापेक्षा शेकडो पटींनी जास्त असते. त्यामुळे बाहेरचे पाणी सतत अंगात शिरत राहते आणि अंगातले क्षार बाहेर झिरपत राहतात. मासा भरपूर पातळ लघवी करून जादा पाणी टाकतो आणि गेलेले क्षार कल्ल्यांतल्या खास पेशींमार्फत पाण्यातून पुन्हा ओढून घेतो. हे काम रात्रंदिवस चालते आणि त्यावरच त्याचा जीव असतो.

चांदीचा आयन नेमका इथे घुसतो. सोडियम आत खेचणाऱ्या पंपाचे काम करणारे एन्झाइम तो बंद पाडतो. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात ख्रिस वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात रेनबो ट्राउट माशांवर हे बारकाईने दाखवून दिले. क्षार बाहेर जात राहतात आणि भरपाई थांबते. रक्तातले सोडियम उतरते, रक्त घट्ट होते आणि शेवटी हृदयावर ताण येऊन मासा दगावतो.

नॅनोकण यात आणखी भर घालतात. ते कल्ल्यांच्या नाजूक पात्यांवर साचतात, पात्या सुजतात आणि प्राणवायू आत घ्यायला अडथळा होतो. चांदीच्या नॅनोकणांत ठेवलेल्या युरोपीय पर्च माशांना कमी प्राणवायूच्या पाण्यात तग धरणे जड गेले, असे प्रयोगात आढळले आहे. तांब्याच्या नॅनोकणांनी झेब्रा माशाचे कल्ले जखमी केले. हा झेब्रा मासा मूळचा आपल्याच उपखंडातला. त्याच्या अंड्याच्या कवचाला अर्ध्या मायक्रोमीटरहून थोडी मोठी छिद्रे असतात. दहा-बारा नॅनोमीटरचा कण त्यांतून सहज आत जातो. अशा अंड्यांतून वाकड्या शेपटीची, सुजलेल्या हृदयाची, डोळ्यांत दोष असलेली पिले निघाल्याचे प्रयोगशाळेत दिसले आहे.

काचपात्र आणि तळे

यातले बहुतेक प्रयोग काचपात्रात झाले, आणि मासे मरावेत म्हणून बऱ्याचदा मात्राही मोठी दिली गेली. खरे पाणी वेगळे असते. त्यात कुजलेल्या पानांचे सेंद्रिय द्रव्य असते, ते कणांना चिकटून त्यांची धार कमी करते. क्लोराइड आणि गंधक चांदीला बांधून ठेवतात. सांडपाण्यात आणि प्रक्रिया केंद्रात बरीचशी चांदी सिल्व्हर सल्फाइड बनून गाळात बसते, आणि त्या रूपात ती पुष्कळ कमी विषारी असते. मग धोका आहे की नाही? काचपात्रावरून याचे उत्तर मिळत नाही, म्हणून तळे लागले.

ऑन्टारियोतील ही क्रमांकांची तळी एका तलाव-प्रयोग प्रकल्पाची आहेत; तो १९६८ पासून चालू आहे आणि त्यात ५८ तळी आहेत. २०१२ मध्ये कॅनडाच्या केंद्र सरकारने त्याचा निधी थांबवण्याचे ठरवले. शास्त्रज्ञांनी आणि नागरिकांनी आवाज उठवला. २०१४ पासून एका स्वतंत्र संस्थेने तो चालवायला घेतला, आणि रखडलेला चांदीचा प्रयोग मार्गी लागला.

२२२ क्रमांकाच्या तळ्यात चांदीचे प्रमाण दर लिटरला काही मायक्रोग्रॅमच्या आसपास राहिले. मासे उलटे होऊन पाण्यावर तरंगले नाहीत. वरवर पाहणाऱ्याला तळे निरोगीच वाटले असते. पण चांदी दोन्ही माशांच्या यकृतात साठत गेली, आणि पर्चला खाणाऱ्या पाइकच्या यकृतात जास्त साठली. पेशींना जळण्यापासून वाचवणारे ग्लुटाथिओन पर्चच्या यकृतात खर्ची पडत असल्याच्या खुणा मिळाल्या. शेजारच्या, चांदी न टाकलेल्या तळ्याशी ताडून पाहता पर्चची संख्या घटली होती. उरलेल्या माशांचे खाणेही कमी झाले होते. चांदी टाकणे थांबल्यावर अंगातले तिचे प्रमाण हळूहळू उतरले, ही त्यातली दिलासा देणारी बाब.

मेलेले मासे मोजून भागणार नाही

या प्रयोगाचे सांगणे मला फार मोलाचे वाटते. पंचगंगेत किंवा इंद्रायणीत मेलेल्या माशांचा खच दिसला की बातमी होते, नमुने घेतले जातात, नोटिसा निघतात. अशा घटनांमागे बहुधा प्राणवायू संपवणारे सांडपाणी किंवा कारखान्यांची रसायने असतात, आणि त्यांवर कारवाई व्हायलाच हवी. पण धातूंचे नॅनोकण असे एका रात्रीत उघडे पडत नाहीत. त्यांच्यामुळे मासा कमी खातो, कमी वाढतो. पुढच्या वर्षी जाळ्यात थोडे कमी मासे येतात आणि भोई कुटुंबाचे उत्पन्न घटते. त्याची कुठे नोंद होत नाही आणि कुणावर जबाबदारीही येत नाही.

आपल्याकडे धोका दुहेरी आहे. प्रक्रिया केंद्रात चांदीला बांधणारी यंत्रणा असते, पण शहरांचे आणि गावांचे पुष्कळसे सांडपाणी त्या केंद्रापर्यंत पोचतच नाही. जे पोचते, त्याचा गाळ शेतात टाकला तर पावसाबरोबर तो पुन्हा ओढ्याला लागू शकतो.

मार्ग अवघड नाहीत. कोणत्या वस्तूत कोणत्या धातूचे नॅनोकण आहेत, हे वेष्टनावर छापणे सक्तीचे करता येईल. वास येऊ नये एवढ्यासाठी चांदी घालणे टाळता येईल, आणि जखमेच्या पट्टीसारख्या खऱ्या गरजेपुरती ती ठेवता येईल. रोहू, कटला, मरळ हे आपल्या ताटातले मासे घेऊन, आपल्याच नद्यांच्या पाण्यात, दीर्घकाळ चालणाऱ्या चाचण्या घेता येतील. नदीच्या तपासणीत पाण्याच्या नमुन्याबरोबर माशाचे कल्ले, यकृत, वाढ आणि वीण यांचीही नियमित नोंद व्हायला हवी. माशाच्या अंगात होणारा बिघाड मासा मरायच्या कितीतरी आधीच दिसतो. तो वेळेत पाहणारी माणसे आणि त्यांना लागणारा पैसा, हा नदी सुधारणेच्या प्रत्येक योजनेचा भाग झाला पाहिजे.