हक्क आणि त्याचा खर्च : संविधानातील क्रियापदांचा विचार

एखादी गोष्ट नागरिकाचा मूलभूत हक्क आहे असे म्हटले की, ती मिळविण्यास लागणारा खर्च शासनाने सोसला पाहिजे, असा अर्थ त्यातून आपोआप निघतो काय? हा प्रश्न विधिशास्त्राचा आहे व त्याचे अंतिम उत्तर न्यायालयांनीच द्यावयाचे आहे, हे उघड आहे. परंतु संविधान हा प्रथमतः एक भाषिक लेख आहे. त्यातील वाक्यांचा कर्ता कोण आणि क्रियापद कोणत्या अर्थाचे, हे पाहिल्यावाचून या प्रश्नाची फोड होत नाही. म्हणून भाषेच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालणे अनाठायी ठरू नये.

आरंभी शब्दांकडे पाहू. संविधानाच्या तिसऱ्या भागास मराठीत ‘मूलभूत हक्क’ म्हणतात, तर हिंदीत ‘मूल अधिकार’. हे दोन शब्द आपण समानार्थी समजतो. पण त्यांची कुळे निराळी आहेत. ‘अधिकार’ हा संस्कृत शब्द मुळात पात्रतेचा व सत्तेचा वाचक आहे : अमुक करण्यास मी पात्र आहे, एवढेच तो सांगतो. ‘हक्क’ हा अरबीतून आलेला शब्द मराठी वतनपत्रांत मुरला तो येण्याचा वाचक म्हणून. पाटील, कुळकर्णी, बलुतेदार यांचे हक्क म्हणजे गावच्या उत्पन्नातून त्यांना मिळावयाचा ठरीव वाटा. असा हक्क म्हटला की तो देणाराही कोणीतरी असतोच. मराठी माणसाच्या मनात ‘हक्क आहे’ या वाक्यामागे ‘तर मग द्या’ हे वाक्य उभे राहते, त्याचे एक कारण या शब्दाच्या इतिहासात असावे. अर्थात शब्दाच्या व्युत्पत्तीवरून कायद्याचा निर्णय होत नाही. त्यासाठी वाक्ये पाहिली पाहिजेत.

या दृष्टीने संविधानातील वाक्यांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पहिला निषेधाचा. अनुच्छेद १४ राज्याला समानता नाकारू देत नाही. अनुच्छेद २१ विधिविहित कार्यपद्धतीवाचून जीवित किंवा स्वातंत्र्य हिरावू देत नाही. येथे राज्याने काही करावयाचे नसून काही करण्यापासून दूर राहावयाचे आहे. दुसरा वर्ग विधायक आज्ञेचा. २००२ च्या शहाऐंशीव्या दुरुस्तीने घातलेला अनुच्छेद २१-क सहा ते चौदा वर्षांच्या बालकांना राज्याने मोफत व सक्तीचे शिक्षण पुरवावे असे सांगतो. तिसरा वर्ग प्रयत्नाचा व मर्यादेचा. अनुच्छेद ४१ मध्ये काम, शिक्षण व साहाय्य यांची तरतूद राज्याच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत करावयाची आहे. हा अनुच्छेद निदेशक तत्त्वांत मोडतो आणि अनुच्छेद ३७ प्रमाणे ही तत्त्वे न्यायालयांकरवी अंमलात आणता येत नाहीत, मात्र राज्यकारभारास ती मूलभूत मानली आहेत.

यावरून असे वाटेल की, निषेधाला खर्च नाही, आज्ञेला आहे आणि प्रयत्नाला झेपेल तितका आहे. हे समीकरण सुटसुटीत आहे, पण ते टिकत नाही; आणि ते मोडले ते महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात.

१९७८ च्या ‘माधव हयवदनराव होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने शिक्षा वाढविलेला एक कैदी सर्वोच्च न्यायालयात आला, तो कित्येक वर्षांच्या विलंबाने. निकालपत्राची प्रत आपल्या हाती वेळेवर पडलीच नाही, असे त्याचे म्हणणे होते. न्यायालयाने त्याची याचिका फेटाळली. तथापि न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निमित्ताने जे नियम घालून दिले ते महत्त्वाचे ठरले. कैद्याला निकालाची प्रत विनामूल्य मिळावी. तो निर्धन असेल तर त्याला वकील द्यावा. आणि त्या वकिलाचे न्यायालयाने ठरविलेले पारिश्रमिक, ज्या राज्याने खटला चालवून त्याचे स्वातंत्र्य हिरावले, त्याच राज्याने द्यावे. येथे आधार होता तो अनुच्छेद २१ चा, म्हणजे एका निषेधार्थी वाक्याचा. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने आलेला अनुच्छेद ३९-क त्याच्या जोडीस होता. ‘कार्यपद्धतीवाचून स्वातंत्र्य हिरावू नये’ या वाक्यातील कार्यपद्धती न्याय्य असावयाची, तर तिचा खर्च त्या वाक्याच्या पोटातच आला. पुढे १९८१ मध्ये बिहारातील खत्री प्रकरणात न्यायालयाने हेही स्पष्ट केले की, पैशाची अडचण सांगून राज्याला या कर्तव्यातून सुटता येणार नाही.

हा तर्क किती लांब नेता येतो? १९९५ च्या ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध मनुभाई प्रगजी वशी’ या निर्णयाने तो बराच पुढे नेला. राज्य शासन अन्य विद्याशाखांच्या खाजगी महाविद्यालयांना अनुदान देई, पण विधि महाविद्यालयांना देत नसे. गरिबांना विधिसाहाय्य द्यावयाचे तर चांगले शिकलेले वकील हवेत, आणि त्यासाठी विधिशिक्षण सुस्थितीत हवे, असे सांगून व वेगळ्या वागणुकीस समर्थनीय कारण नाही असे ठरवून सर्वोच्च न्यायालयाने मान्यताप्राप्त विधि महाविद्यालयांना अनुदान देण्यास राज्यास बांधले. उलट २०२१ मध्ये उत्तर प्रदेशातील एका प्रकरणात त्याच न्यायालयाने, अनुदान मिळणे हा संस्थेचा मूलभूत हक्क नव्हे, असे सांगितले. अल्पसंख्याकांच्या संस्थांविषयीही अनुच्छेद ३० ची रचना अशीच आहे : संस्था स्थापण्याचा हक्क आहे, अनुदान देताना भेदभाव करण्यास मनाई आहे, पण अनुदानाची आज्ञा नाही.

हा पेच केवळ आपलाच नव्हे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये गिडियन प्रकरणात, गंभीर गुन्ह्याच्या निर्धन आरोपीस राज्याने वकील दिलाच पाहिजे, असे ठरविले. त्याच न्यायालयाने १९८० मध्ये हॅरिस विरुद्ध मॅक्रे या प्रकरणात, गर्भपाताच्या त्या वेळी मान्य असलेल्या हक्कासाठी सरकारने पैसे पुरविण्याचे बंधन नाही, असे म्हटले. (तो हक्कच पुढे २०२२ मध्ये त्या न्यायालयाने मागे घेतला.) दोन्ही निर्णयांतील भेदाचे सूत्र असे दिसते की, आरोपीला संकटात राज्यानेच ओढलेले असते, दुसऱ्या प्रकरणातील दारिद्र्य सरकारने निर्माण केलेले नाही, असे न्यायालयाने मानले. होसकोट निर्णयातील सूत्रही याहून फार दूर नाही.

जेथे आज्ञा स्पष्ट आहे तेथे तरी वाद मिटतो काय? अनुच्छेद २१-क ला अनुसरून झालेला २००९ चा शिक्षणहक्क कायदा विनाअनुदानित खाजगी शाळांना प्रवेशवर्गात किमान पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील बालकांना देण्यास सांगतो आणि त्याची प्रतिपूर्ती शासनाकडे सोपवितो. महाराष्ट्र शासनाने ९ फेब्रुवारी २०२४ रोजी नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत शासकीय वा अनुदानित शाळा असल्यास खाजगी शाळेस या बंधनातून मोकळे केले. १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. मूळ कायद्याने दिलेले नियमाने काढून घेता येत नाही, हे त्यातून पुन्हा दिसले.

आता आपल्या विषयाच्या व आपल्या प्रदेशाच्या जवळचे उदाहरण घेऊ. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी राहिले नाही व विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. त्याच दिवशी अंमलात आलेल्या सातव्या दुरुस्तीने अनुच्छेद ३५०-क घातला : भाषिक अल्पसंख्याक बालकांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याच्या पुरेशा सोयी करण्याचा प्रत्येक राज्याने प्रयत्न करावा. क्रियापद पुन्हा प्रयत्नाचेच. अनुच्छेद २९ गोंडी भाषकाला आपली भाषा जतन करण्याचा हक्क देतो. पण शिक्षक, पाठ्यपुस्तके आणि वर्गखोली यांचा खर्च कोणी करावयाचा, हे तो सांगत नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मोहगाव येथे ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा स्वतःच्या बळावर उभी केली. हक्क गावाचा आणि खर्चही गावाचाच, असा हा प्रकार आहे. होसकोट प्रकरणातील कैद्याच्या वकिलाला राज्याने पैसे द्यावयाचे, आणि या बालकाच्या शिक्षकाला मात्र झेपले तर द्यावयाचे, हा भेद संविधानातील एका क्रियापदाने पाडला आहे.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर सरसकट होय किंवा नाही असे देता येत नाही. प्रत्येक तरतुदीस तीन प्रश्न विचारले पाहिजेत. तिचे क्रियापद निषेधाचे, आज्ञेचे की प्रयत्नाचे? हक्क पोकळ होण्यास राज्याची स्वतःची कृती कारण होते काय? आणि राज्य जे एकास देते ते दुसऱ्यास नाकारण्यास कारण आहे काय? होसकोट निर्णय दुसऱ्या प्रश्नावर उभा आहे, वशी निर्णय बऱ्याच अंशी तिसऱ्यावर. गोंडी बालकाच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रतिकूल आहे. पण उरलेले दोन प्रश्न अद्याप विचारता येण्याजोगे आहेत. ज्या शाळेत बालकास शिक्षकाचे बोलणेच कळत नाही, तेथे अनुच्छेद २१-क मधील ‘पुरविणे’ घडले असे म्हणावे काय? ‘शिक्षण’ या शब्दाचा अर्थ ठरविण्यात न्यायालयांइतकाच भाषेच्या अभ्यासकांचाही वाटा आहे, आणि विदर्भातील विद्यापीठांतील भाषाविभागांनी तो उचलावा हे उचित होय.