केशोरीतून सभेकडे : मद्यमुक्तीच्या वाटेचा शोध

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण भागात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, धानाच्या बांध्या आणि मोहाची झाडे यांच्या सान्निध्यात वसलेल्या केशोरीपासून गडचिरोलीची हद्द जवळच आहे. आणि ही हद्द केवळ महसुली दप्तरातील रेघ नव्हे, कारण तिच्या पलीकडे १९९३ पासून दारूबंदीचा अंमल आहे, तर अलीकडे सरकारी परवान्याने दारू विकली जाते. ज्या स्त्रियांनी आणि कार्यकर्त्यांनी ती बंदी झगडून मिळवली त्यांचे ऋण मोठे आहे. तथापि त्या मुलखातही डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या पुढाकाराने २०१६ साली ‘मुक्तिपथ’ अभियान सुरू झाले आणि त्यात व्यसनोपचाराची तजवीज करावी लागली, यावरून एक गोष्ट निर्विवाद ठरते : कायदा दुकानाला कुलूप घालू शकतो, परंतु ज्याच्या देहाला दारूवाचून चालेनासे झाले आहे, त्याला माणसाची सोबतच लागते.

ही सोबत कोणाची असावी, याचे उत्तर अमेरिकेत एका मद्यासक्ताला स्वानुभवातून गवसले. १९३५ च्या मे महिन्यात, नुकतीच दारू सोडलेला बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअरदलाल, व्यवहार फसल्यामुळे अ‍ॅक्रन शहरातील एका हॉटेलात एकाकी पडला असता, मद्यगृहाकडे वळू पाहणारे पाऊल आवरून, आपल्यासारख्याच दुसऱ्या कोणाशी बोलता यावे म्हणून धर्मोपदेशकांना दूरध्वनी करीत सुटला. त्यातून भेट झाली ती डॉ. बॉब स्मिथ या मद्यासक्त शल्यविशारदाशी. पाव तासाच्या बोलीवर आलेला हा डॉक्टर कित्येक तास बोलत बसला. त्याच्या शेवटच्या प्याल्याचा दिवस, १० जून १९३५, हाच ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’चा, म्हणजे ए.ए.चा, स्थापनादिन मानला जातो. भारतात या कार्याचा आरंभ १९५७ साली झाला.

ए.ए.च्या सभेचा शिरस्ता साधा असतो. शाळेच्या वा चर्चच्या एखाद्या खोलीत खुर्च्या मांडल्या जातात, क्षणभर शांतता पाळली जाते, सभेचा हेतू वाचून दाखवला जातो आणि मग एकेक जण, केवळ पहिले नाव सांगून व ‘मी मद्यपी आहे’ असे म्हणून, आपली हकिगत कथन करतो. या कथनाला सभासद ‘शेअरिंग’ म्हणतात. त्यात कोणी मध्ये बोलत नाही, कोणी उपदेश करीत नाही. प्रवेशाची वर्गणी नसते; पिणे थांबवण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट. खोलीचे भाडे आणि चहा यांचा खर्च सभासद आपसांत भागवतात, बाहेरची देणगी स्वीकारत नाहीत. देवापुढे घेतलेली जन्मभराची शपथ पोळ्याला मोडली, की शरमेने माणूस अधिकच पितो. येथे मात्र निश्चय मागितला जातो तो फक्त आजच्या दिवसाचा, आणि घसरलेल्यालाही त्याच खुर्चीवर पुन्हा बसवले जाते.

हे केवळ श्रद्धेचे बोलणे नव्हे. २७ अभ्यासांतील दहा हजारांवर व्यक्तींचा परामर्श घेणाऱ्या, २०२० च्या कॉक्रेन समीक्षेत असे दिसून आले, की ए.ए.कडे पद्धतशीरपणे वळवणारे उपचार दारूपासून अखंड दूर राहण्याच्या बाबतीत इतर प्रस्थापित उपचारांहून सरस ठरतात. याउलट २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार, आपल्या देशातील दर ३८ मद्यावलंबी व्यक्तींपैकी जेमतेम एकीला कोणतीही मदत मिळालेली होती.

मग केशोरीच्या माणसाने कोठे जावे? प्रथम डॉक्टरकडे, कारण रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडल्यास हातांना कंप सुटणे, झटके येणे, भ्रम होणे असे प्रकार उद्भवतात आणि प्रसंगी ते प्राणावर बेततात. १४४४६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर विनामूल्य सल्ला मिळतो. ए.ए.च्या सभा नागपुरात भरतात. परंतु अर्जुनीहून रेल्वेने गोंदिया आणि तेथून नागपूर हा प्रवास, ऐन रोवणीत मजुरी बुडवून, दर आठवड्याला कोणाला झेपणार? अशांना इंटरनेटवरील सभा हा मोठाच आधार आहे. घरच्यांसाठीही वाट आहे : बिलच्या पत्नी लोइस विल्सन यांनी १९५१ साली उभारलेले ‘अल-अ‍ॅनॉन’ मंडळ; आणि डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’मधील, रुग्णांच्या पत्नींचा ‘सहचरी’ गट.

तरीही खरा अडसर अंतराचा नसून लोकलज्जेचा आहे. खेड्यात एखाद्याचे पिणे सर्वांना ठाऊकच असते. त्याला लपवावासा वाटतो तो सोडण्याचा प्रयत्न, कारण तो फसला तर होणारी थट्टा पिण्याच्या बदनामीहून जिव्हारी लागते. सभेत ऐकलेले सभेतच ठेवण्याचा नियम म्हणूनच शहरापेक्षा खेड्याला अधिक हवा. ए.ए.च्या परंपरेनुसार, पिणे थांबवू इच्छिणारे दोघे-तिघे एकत्र बसले तरी सभा होते. तिला सरकारी मंजुरी लागत नाही. केशोरीत असे दोघे निश्चितच असतील. त्यांनी एकमेकांना हाक द्यावी, आणि गावाने आठवड्यातून एक तास एखादी खोली भाड्याने देऊन, तेथे कोण जातो-येतो याची चौकशी मात्र कटाक्षाने टाळावी.