अंदाजाचं गणित – लेखांक ६ : थेरपिस्टच्या डायरीत माणसं किती?

मागच्या आठवड्यात आपण टेलिफोनच्या रांगेपाशी थांबलो होतो. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतले गणितज्ञ एर्लांग यांनी १९०९ साली येणाऱ्या फोनकॉलचं गणित मांडलं, ते आपण पाहिलं. आज तीच रांग मानसोपचाराच्या दाराशी पाहू.

उदाहरण इंग्लंडचं घेतो. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क आणि अर्थतज्ज्ञ रिचर्ड लेयार्ड यांच्या पाठपुराव्यामुळे तिथे २००८पासून नैराश्य आणि चिंता यांवर बोलून उपचार करणारी सरकारी सेवा उभी राहिली. आज ती ‘टॉकिंग थेरपीज’ या नावानं चालते. शंभरातल्या ७५ जणांचे उपचार ६ आठवड्यांत आणि ९५ जणांचे १८ आठवड्यांत सुरू व्हावेत, असं तिचं उद्दिष्ट आहे. ते गाठायचं, तर कुणाच्या हातात किती केसेस असतील हे आधी सांगता आलं पाहिजे.

पहिली पायरी अगदी साधी आहे. जॉन लिटल यांनी १९६१ साली एक नियम सिद्ध केला: दर आठवड्याला येणारी माणसं गुणिले प्रत्येकजण सरासरी जितके आठवडे राहतो ते, म्हणजे एका वेळी हातात असलेली माणसं. समजा, एका थेरपिस्टकडे आठवड्याला २ नवी माणसं येतात आणि उपचार सरासरी १० आठवडे चालतात. हातात २० केसेस. उपचार १३ आठवड्यांवर गेले की २६. दाराशी एकही माणूस वाढला नाही, तरी डायरीत ६ जण वाढले! नवे किती आले एवढंच मोजणाऱ्या व्यवस्थापकाला हे सहा जण दिसतच नाहीत. थेरपिस्टला मात्र ते रोज दिसतात.

खरी अडचण पुढे आहे. या सेवेत प्रत्येक सेशनला रुग्ण नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली भरतो. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी होती, भूक कशी होती, कशात मन लागलं का; प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण, एकूण २७. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या किंवा मरणाच्या विचारांबद्दल असतो. तिथे शून्याऐवजी दुसरा आकडा दिसला की थेरपिस्ट हातातलं ठरलेलं काम बाजूला ठेवतो. आधी सुरक्षिततेबद्दल बोलायचं, गरज असेल तर वरिष्ठांशी आणि डॉक्टरांशी संपर्क करायचा, सगळं लिहून ठेवायचं. कागदावर केस एकच, पण अख्खी दुपार तिच्यात जाते.

म्हणून नुसती डोकी मोजणारं मॉडेल इथे कमी पडतं. मोजणीसाठी सर्वांत आधी वापरतात ते पॉयसाँ वितरण. सरासरी जितकी, तितकंच प्रचरण (म्हणजे आकडे सरासरीभोवती किती फाकतात त्याचं माप), असं त्याचं गृहीतक. सरासरी २० असेल, तर केसेस बहुतेक वेळा ११ ते २९ यांच्या दरम्यान राहाव्यात. पण माणसं एकसारखी नसतात. कुणी चार सेशनमध्ये सावरतो, कुणाला वीस लागतात, कुणी दुसऱ्या भेटीनंतर येतच नाही. त्यामुळे आकडे जास्त फाकतात आणि तिथे ऋण द्विपद वितरण जवळचं ठरतं. त्यात प्रचरणाला सरासरीच्या पुढे जायला वाव असतो. सुरुवातीचे गुण, आधीचे उपचार, चुकलेल्या अपॉइंटमेंट ही माहिती जोडली की अंदाज आणखी सुधारतो.

आणि डायरी गच्च भरलेली असणं हे काही कार्यक्षमतेचं लक्षण नव्हे. रांगेच्या सर्वांत साध्या मॉडेलमध्ये काम करणाऱ्याचा ८० टक्के वेळ भरलेला असेल, तर सरासरी वाट पाहणं एका कामाला लागणाऱ्या वेळाच्या ४ पट होतं. ९० टक्के भरला की ९ पट, ९५ टक्क्यांवर १९ पट. शेवटचे पाच-दहा टक्के पिळून काढण्याची किंमत रांगेत उभी असलेली माणसं मोजतात. नवव्या प्रश्नासाठी डायरीत मोकळी जागा हवीच, असं माझं ठाम मत आहे.

इंग्लंडच्या मोजणीतही एक फट आहे. उद्दिष्ट पहिल्या भेटीपाशी थांबतं. दुसऱ्या भेटीसाठी किती दिवस लागले, ते त्यात येत नाही. आणि खरे उपचार बहुधा तिथूनच सुरू होतात. पहिल्या भेटीचीच तारीख मॉडेलला दिली, तर रांग हलतेय असंच ते सांगणार.

आपल्याकडे प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसिक आजारांमधले ७० ते ९२ टक्के लोक उपचारांविना असल्याचं आढळलं. पाहणी १२ राज्यांत झाली, महाराष्ट्र त्यांत नव्हता. दारापर्यंत पोचलेल्यांवरून बांधलेला अंदाज न पोचलेल्यांबद्दल काहीच सांगू शकत नाही. २०२२च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर कधीही मोफत फोन करता येतो. नववा प्रश्न तुमच्या घरात कुणाच्या मनात असेल, तर हा क्रमांक आजच त्याच्यापर्यंत पोचवा.

समुपदेशन केंद्र चालवणाऱ्या वाचकांना एक विनंती. रजिस्टरमध्ये प्रत्येक माणसापुढे चार तारखा लिहा: त्यानं पहिल्यांदा विचारणा केली ती, पहिल्या भेटीची, दुसऱ्या भेटीची आणि शेवटच्या भेटीची. साध्या वहीत लिहिल्यात तरी चालेल. पुढच्या आठवड्यात आपण त्या चार तारखांवरूनच गणित मांडणार आहोत.