नेट नेमकं कुठे अडलं?

मे 2023 मध्ये अकोल्यात दंगल उसळली, जमावबंदी लागली आणि इंटरनेट बंद झालं. फेब्रुवारी 2024 मध्ये मराठा आंदोलनाच्या वेळी जालना जिल्ह्यातही नेट बंद झालं. बुलढाणा जिल्हा या दोन्हींच्या मधला. नेट असं सरसकट बंद झालं की निदान सगळ्यांना कळतं. एखादंच संकेतस्थळ अडवलं तर मात्र पत्ता लागत नाही. बुलढाण्यात घाटावर काय आणि घाटाखाली काय, रेंज जाणं रोजचंच. पान उघडलं नाही तर माणूस फोन खिशात टाकून कामाला लागतो.

ही छुपी अडवणूक पकडणारं साधन म्हणजे 'ऊनी प्रोब'. 'टॉर' प्रकल्पातून 2012 साली सुरू झालेल्या 'ऊनी'चं हे मोफत ॲप. तुमचा फोन एका संकेतस्थळाला हाक देतो. त्याच वेळी दुसरीकडचा, अडथळा नसलेला सर्व्हर तीच हाक देतो. मग दोन्ही उत्तरं ताडून पाहिली जातात. पत्ता चुकीचा मिळाला का? जोडणी मध्येच तुटली का? मूळ पानाच्या जागी बंदीची सूचना आली का? निकाल देश आणि इंटरनेट कंपनीच्या नावानिशी जगासमोर खुला होतो. तपासायच्या संकेतस्थळांची यादी टोरांटो विद्यापीठाची 'सिटिझन लॅब' सांभाळते आणि तीत कुणीही भर सुचवू शकतो.

भारतात याची गरज जास्तच. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69अ खालचे बंदीचे आदेश 2009 च्या नियमांनुसार गोपनीय राहतात. यादीच जाहीर नाही, तर दाद कशाविरुद्ध मागायची? बेंगळुरूच्या 'सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी'च्या संशोधकांनी 2020 मध्ये सहा कंपन्यांवर 4,379 संकेतस्थळं तपासली. त्यांपैकी 4,033 कुठे ना कुठे अडवलेली होती, पण सहाही कंपन्यांनी अडवलेली फक्त 1,115. म्हणजे काय वाचता येईल, हे हातातल्या सिमकार्डावर ठरतं! म्हणूनच बुलढाण्यातल्या मेहकर किंवा खामगावातून झालेली चाचणी मला मुंबईतल्या चाचणीइतकीच मोलाची वाटते.

नेट पूर्ण बंद असेल तर मात्र हे ॲपही मुकं होतं. तिथे माणसांनीच सांगावं लागतं. दिल्लीची 'एसएफएलसी' संस्था बातम्या आणि लोकांकडून आलेली माहिती जुळवून देशभरातल्या नेटबंदीची जिल्हावार नोंद ठेवते. 'ॲक्सेस नाऊ' या संस्थेच्या मोजणीत 2024 मध्ये भारतात 84 वेळा नेट बंद झालं. नेटबंदीचे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत, असं सर्वोच्च न्यायालयाने 10 जानेवारी 2020 रोजी अनुराधा भसीन खटल्यात बजावलं होतं.

ॲप वापरण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. चाचणीत आक्षेपार्ह संकेतस्थळांनाही हाक जाते आणि तुमच्या जोडणीवर नजर ठेवणाऱ्याला ते दिसू शकतं. हे मान्य असेल तरच चाचणी करावी. आणि करायचीच तर एकदा मोबाईल डेटावर, एकदा घरच्या वायफायवर. कंपन्या वेगळ्या असतील तर निकालही वेगळे येऊ शकतात.